मालगाडी, गँगमन आणि कलम ११४

रेल्वे कायदा १९८९ मधलं कलम ११४ आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं आपल्या पोरांना तोंडपाठ असतात आणि असायलाच हवीत. पण ठाणे, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ज्यांचं अर्धं आयुष्य रुळांच्या कडेला जातं, त्यांनी हे एक कलमही नजरेखालून घालायला हवं. अपघात झाल्यावर रेल्वे सुरक्षा आयुक्ताने चौकशी कधी करायची, ते त्यात सांगितलंय. अपघात ‘प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीचा’ असला पाहिजे. त्यात जीव गेला असेल, प्रवाशाला कायमचं अपंगत्व आलं असेल किंवा रेल्वेच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं असेल, तर आयुक्ताने चौकशी करणं बंधनकारक.

आता या शब्दांच्या बाहेर कोण राहिलं ते बघा. मालगाडी बाहेर राहिली. रुळावर काम करताना गाडीखाली चिरडला गेलेला गँगमनही बाहेर राहिला, कारण तो प्रवासी नाही आणि अपघात ‘गाडीचा’ नाही. या दोघांची चौकशी कोण करतं? पुढचं कलम आहे ११५. आयुक्ताची चौकशी नसेल तिथे रेल्वे प्रशासन स्वतःच चौकशी करतं. म्हणजे ज्या खात्याने रूळ राखायचा, डबे तपासायचे, माणसं नेमायची, त्याच खात्याचे तीन-चार अधिकारी एका टेबलाभोवती बसून ठरवणार की चूक कोणाची. आणि चूक कोणाची निघते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

“मालगाडीत माणसं नसतात, मग एवढा बाऊ कशाला?” असं कोणी म्हणेल. त्याने एकदा रात्री दिव्याला येऊन उभं राहावं. दिव्याहून एक मार्ग वसईकडे जातो आणि दुसरा पनवेलकडे. न्हावा-शेव्याच्या बंदरातले कंटेनर गुजरातकडे आणि उत्तरेकडे याच वाटेने जातात. कल्याणला मार्ग पुन्हा फुटतो, एक कसारा घाटाकडे आणि एक कर्जतकडे. कंटेनर, सिमेंट, खत, कोळसा, पोलादाची वेटोळी, पेट्रोल-डिझेलच्या टाक्या या सगळ्यांना कुठून तरी जावं लागतं, आणि ते आपल्या वस्त्यांना खेटून जातात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लोकल वेगळ्या आणि मालगाड्या-मेलगाड्या वेगळ्या, हा तिचा हेतू होता. हेतू चांगलाच आहे. पण मार्गिका वेगळी झाली म्हणून वस्ती लांब गेली का? रुळापासून दहा पावलांवर भाडं सगळ्यात कमी असतं, म्हणून तिथे कोण राहतं हे सांगायला कुठल्या समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पाही याच जिल्ह्यातून जातोय. पुढच्या काळात गाड्या आणखी लांब आणि आणखी जड होणार आहेत.

घसरण्याच्या घटनाही काही दूरदेशीच्या नाहीत. ३० सप्टेंबर २०२३ ला पनवेल-कळंबोली दरम्यान मालगाडीचे डबे घसरले आणि कोकणात जाणारे-येणारे प्रवासी तासन्‌तास अडकले. १० डिसेंबर २०२३ ला कसाऱ्याजवळ मालगाडी घसरली. २८ मे २०२४ ला पालघरला पोलादाची वेटोळी घेऊन जाणारी मालगाडी घसरली. तिन्ही वेळच्या बातम्या आठवून बघा. किती एक्स्प्रेस रखडल्या, किती रद्द झाल्या, क्रेन कधी आली, मार्ग कधी मोकळा झाला. दोन दिवसांनी विषय संपला. रूळ तुटला होता, बेअरिंग जळालं होतं, चाक झिजलं होतं की वेटोळी नीट बांधली नव्हती? आणि ते आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का? हे आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आता यंत्रांकडे येतो, कारण रेल्वेमंत्र्यांच्या प्रत्येक भाषणात यंत्रं असतात. धावत्या डब्यातला दोष ओळखण्याची यंत्रं जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. रुळालगत बसवलेलं एक यंत्र जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या बेअरिंगचं तापमान मोजतं. बेअरिंगमधलं वंगण संपलं किंवा आतले रोलर घासू लागले की ते तापतं, रेल्वेच्या भाषेत ‘हॉट ॲक्सल’ होतं. वेळेत गाडी थांबवली नाही तर आसाचं टोक वितळून तुटतं आणि डबा बसतो. दुसरं यंत्र चाकाचा रुळावर बसणारा मार मोजतं. ब्रेक अडकून चाक घसटलं की त्याच्या कडेला सपाट चट्टा पडतो, आणि मग ते चाक प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणासारखं आदळतं. अशा माराने रुळाला बारीक तडा जातो, आणि तोच तडा पुढच्या महिन्यात एखाद्या लोकलखाली उघडा पडू शकतो. रुळाच्या पोटातला तडा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात, सोनोग्राफीसारखं. ही यंत्रं येण्याआधी, आणि आजही बहुतेक ठिकाणी, हे काम माणसाचं आहे. चावीवाला रोज सकाळी आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासतो, सुटलेल्या चाव्या ठोकतो. गाडी जाताना स्टेशनवरचा माणूस झेंडा घेऊन उभा राहतो, आवाज ऐकतो, धूर दिसतो का बघतो. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो. २०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. नाव मोठं दिलं आणि त्याच वेळी त्याच्या जागी गाडीच्या शेपटाला एक यंत्र लावून गार्डशिवाय मालगाडी चालवायच्या योजनाही आणल्या.

यंत्र असलं की काम झालं, हा समज किती खोटा आहे ते अमेरिकेत दिसलं. ३ फेब्रुवारी २०२३, ओहायो राज्यातलं ईस्ट पॅलेस्टाइन नावाचं छोटं गाव. नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले आणि त्यांतल्या काही टाक्यांत विषारी विनाइल क्लोराइड होतं. गंमत बघा, यंत्रांनी दोष पाहिला होता. पहिल्या यंत्राने बेअरिंग हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइटने जास्त तापलेलं नोंदवलं. दुसऱ्याने १०३ अंशांनी. तिसऱ्याने २५३ अंशांनी, आणि तेव्हा इंजिनात धोक्याची सूचना वाजली. चालकाने ब्रेक लावले, पण तोवर आस तुटत आला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रामध्ये सुमारे २० मैलांचं अंतर होतं. किती अंतरावर यंत्र बसवायचं, किती अंशाला गाडी थांबवायची, हे ठरवणारा अमेरिकेच्या संघराज्याचा कोणताही नियम नव्हता. ते कंपनीने आपल्या सोयीने ठरवलं होतं. १०३ अंश हा आकडा कंपनीच्या लेखी गाडी थांबवण्याइतका मोठा नव्हता. तापमापक होता, पण ताप किती चढल्यावर डॉक्टरला बोलवायचं हे दुकानदार ठरवत होता.

आपल्याकडे दुकानदार सरकार आहे एवढाच फरक. यंत्र कोणतं, कुठे, किती अंतरावर, कोणत्या आकड्याला गाडी थांबवायची, हे सगळं रेल्वे बोर्ड आणि त्याचीच लखनौची संशोधन संस्था ठरवते. संसदेने केलेल्या कायद्यात याबद्दल अक्षर नाही. नियम बोर्डाचा, अंमल बोर्डाचा, आणि नियम पाळला का हे बघणारेही बोर्डाचेच. अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात नेमकं हेच सांगितलं होतं. नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियंत्रण ठेवणं ही तिन्ही कामं एकाच रेल्वे बोर्डाच्या हाती आहेत, म्हणून वेगळं, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवं. काकोडकर काही आंबेडकरी चळवळीचे नव्हेत, अणुशास्त्रज्ञ आहेत. पण त्यांनी जे सांगितलं ते आपल्याला चटकन कळायला हवं. स्मृती लिहिणारा तोच, तिचा अर्थ लावणारा तोच, आणि प्रायश्चित्त सांगणाराही तोच, या व्यवस्थेशी आपली ओळख आजची नाही. ते प्राधिकरण आजही झालेलं नाही.

रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणजे मग कोण? ब्रिटिशांनीसुद्धा १९४१ मध्ये रेल्वेची तपासणी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून टपाल आणि हवाई खात्याकडे दिले. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हाताखाली तपासनीस ठेवू नये, एवढी साधी गोष्ट परक्या सरकारला पटली होती. म्हणून आजही हे आयोग रेल्वे मंत्रालयात नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयात आहे. कागदावर स्वतंत्र. पण अधिकारी येतात रेल्वेतूनच, आणि त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही ते रेल्वे बोर्ड ठरवतं. तरीही, एवढ्या तोकड्या स्वातंत्र्याचाही काय उपयोग होतो ते बघा. १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. मालगाडीचा चालक मेला होता. त्याच दिवशी वरच्या साहेबांनी दोष त्या मेलेल्या चालकावर टाकला. पुढे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली तेव्हा कळलं की सिग्नल बिघडलेले होते, चालकाला दिलेल्या कागदावर वेगाची मर्यादाच लिहिलेली नव्हती, आणि माणसांना प्रशिक्षण पुरेसं नव्हतं. असा अपघात होणारच होता, असं अहवालाने म्हटलं. समोर प्रवासी गाडी होती म्हणून ही चौकशी बंधनकारक झाली. समोर दुसरी मालगाडी असती तर? त्या चालकाच्या माथ्यावरचा डाग कोणी पुसला असता?

आता मूळ मुद्दा. हे सगळं तांत्रिक दिसतं म्हणून आपण ते अभियंत्यांवर सोडून देतो. बाबासाहेबांनी सोडलं नव्हतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे मांडलं, ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली भरती एकेक जागा घेऊन उलगडली होती, ते फारसं कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि स्टेशनमास्तर सवर्ण. कारखान्यात त्याला मेकॅनिकच्या जागेजवळ फिरकू देत नाहीत. म्हणजे रुळावर हात लावायला चालतो, पण घरातल्या माठाला नाही. मनमाडपासून कल्याणपर्यंत आणि पुढे मुंबईपर्यंत हा एकच रेल्वेमार्ग. या मार्गाच्या कडेला आपल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे गँगमध्ये होते.

म्हणजे भारतीय रेल्वेचं पहिलं दोष शोधणारं यंत्र कोण होतं? महार गँगमन. त्याचे कान, त्याचे डोळे, त्याच्या तळपायाला जाणवणारी रुळाची थरथर. लोखंडाचा आवाज बदलला की त्याला कळायचं. त्याच्या या ज्ञानाला ‘कौशल्य’ म्हटलं गेलं नाही, कारण ते त्याचं होतं. तेच काम डब्यात बसून करणाऱ्याला साहेब म्हटलं गेलं. आज गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. २०२५ च्या भरतीत लेव्हल-१ च्या ३२,४३८ जागा निघाल्या, त्यांत सर्वात मोठा वाटा ट्रॅक मेंटेनरचा होता. आपली पदवीधर पोरं-पोरी तो फॉर्म भरतात. भरावाच. पण ज्या कामासाठी फॉर्म भरतो त्या कामात माणूस मेल्यावर कायदा काय करतो, हेही माहीत असावं.

काकोडकर समितीने आणखी एक आकडा दिला होता. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वेचे सुमारे १,६०० कर्मचारी कामावर मेले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले. त्याच काळात रेल्वे अपघातांत मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. तुम्ही तो कधी टीव्हीवर ऐकलात? २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड-नायगाव दरम्यान सिग्नलची दुरुस्ती करणाऱ्या तीन कर्मचाऱ्यांना लोकलने उडवलं. गाडी जवळ आली की कामगाराला सूचना देणारं यंत्र देशात तयार आहे, त्याचं नावही ‘रक्षक’ ठेवलंय. डब्याचं बेअरिंग तापलं की सूचना देणारं यंत्र हवं, हे सरकारला पटतं. रुळावर वाकलेल्या माणसाच्या पाठीमागे गाडी आली हे सांगणारं यंत्र प्रत्येक गँगच्या हातात द्यायला मात्र वर्षानुवर्षं लागतात. कारण डबा घसरला तर वाहतूक थांबते. माणूस गेला तर गाडी पाच मिनिटांत पुढे जाते.

आणि पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, पाच वर्षांत एक लाख कोटींचा. महालेखापरीक्षकांनी रेल्वे घसरण्याच्या घटनांवर एक अहवाल दिला, तो डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. २०१७ ते २०२१ या काळातल्या घसरणींपैकी ४२२ घटनांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागाकडे, म्हणजे मुख्यतः रुळांच्या देखभालीकडे जाते, असं त्यात आहे. रूळ मोजणाऱ्या गाडीने ज्या तपासण्या करायच्या, त्यांत ३० ते १०० टक्के तूट होती. १०० टक्के तूट म्हणजे काय, तर तपासणी झालीच नाही. चौकशी अहवालसुद्धा ठरल्या मुदतीत येत नव्हते. आणि सुरक्षेच्या कोषातून काय काय घेतलं गेलं? त्या यादीत फर्निचर आहे, कपबश्या आहेत, आणि पाय चेपायचं यंत्रही आहे. रोज कित्येक किलोमीटर खडीवरून चालणाऱ्या चावीवाल्याचे पाय चेपायला ते घेतलं असेल, असं समजणारा भाबडा माणूस मला अजून भेटायचाय.

सरकारचं ठरलेलं उत्तर आहे, ‘कवच’. कवच चांगलंच आहे. ते दोन गाड्यांची टक्कर टाळतं, लाल सिग्नल ओलांडू देत नाही. पण तुटलेला रूळ आणि जळणारं बेअरिंग कवचाला दिसत नाही. तेव्हा रूळ-डब्यांच्या देखभालीबद्दल विचारलं की कवचाचं उत्तर देणं म्हणजे पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला टोपी देणं.

आपल्यातलेच काही मित्र उलट बाजूने बोलतात, त्यांचंही ऐकू. ते म्हणतात, यंत्रं आली तर गँगमनचं मरण टळेल, हे घाणेरडं, जातीने लादलेलं काम संपेल, मग तुम्ही यंत्रांना नावं का ठेवता? मी यंत्रांना नावं ठेवत नाही. बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला फुरसत हवी, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्रावाचून गरिबाला फुरसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्रामुळे होणाऱ्या दुष्परिणामांचा दोष त्यांनी समाजरचनेला दिला, यंत्राला नाही. आपणही त्याच जागी उभं राहावं. कल्याण-दिवा-वसई मार्गावर दर ठरावीक अंतरावर तापमान आणि चाकाचा मार मोजणारी यंत्रं बसलीच पाहिजेत. पण ती चालवायला, तिचा आकडा वाचायला, आणि आकडा चढला की ‘गाडी थांबवा’ म्हणायला ज्याला अधिकार आहे, त्या जागांवर गँगमधला माणूस प्रशिक्षण घेऊन बसला पाहिजे. नाहीतर १९३८ चंच चित्र पुन्हा दिसेल. यंत्रासमोर एसीत बसणारा वेगळा, आणि यंत्राने दाखवलेला तडा जोडायला भर पावसात रुळावर जाणारा वेगळा. आणि तो दुसरा आता कंत्राटी. कंत्राटी कामगार दोष दिसला तरी बोलेल का? उद्या त्याला कामावर घ्यायचं की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर असताना, एक्स्प्रेस थांबवायची हिंमत त्याने कुठून आणायची? सुरक्षेच्या कामात कंत्राट नको, ही मागणी फक्त पगाराची नाही. ज्याची नोकरी पक्की, त्याचंच तोंड उघडं राहतं.

राज्य सरकार यात काय करणार, हा प्रश्न येतोच. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे, नोंद २२. त्यामुळे महाराष्ट्र सरकार हात वर करतं. पण तीच अनुसूची पुढे वाचा. राज्याच्या यादीतली नोंद २ आहे पोलीस, आणि त्यात रेल्वे पोलीस स्पष्ट शब्दांत घातलेत. हा अधिकार कसा वापरला जातो? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना प्रवासी खाली पडले, चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. रेल्वेकडून कारण पुढे आलं ते प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेचं. राज्याच्या लोहमार्ग पोलिसांनी मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये रुळाच्या देखभालीत हयगय झाल्याचा आरोप ठेवून दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. रेल्वे कर्मचारी भडकले, ६ नोव्हेंबरला आंदोलन झालं, लोकल थांबल्या. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला त्यातलं दुसरंच दिसतं. माणसं मेल्यावर, पाच महिन्यांनी, फौजदारी कलमाखाली, मधल्या फळीतले दोन अभियंते. राज्याला रुळाच्या दोषापर्यंत पोचायला एवढा एकच दरवाजा उघडा आहे, आणि तो प्रेतांवरून जातो. त्यातही बोर्डात बसून तपासणीचं वेळापत्रक आणि मनुष्यबळ ठरवणारा कुठेच नाही.

अमेरिकेतही रेल्वे सुरक्षा मुख्यतः केंद्राचा विषय. तरी ओहायोने अपघातानंतर दोन महिन्यांच्या आत राज्याच्या कायद्यात या तपासणी यंत्रांचा विषय आणला, गाडीवर किमान दोन माणसं हवीत असंही म्हटलं. रेल्वे कंपन्यांनी भांडण काढलं, पण राज्याने प्रश्न तर विचारला. महाराष्ट्राने विचारायला काय हरकत आहे? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. घातक रसायनं आणि इंधन घेऊन कोणत्या गाड्या ठाणे जिल्ह्यातून जातात, एखादी टाकी फुटली तर दिव्याच्या किंवा कोपरच्या वस्तीला कोण आणि कुठे हलवणार, याची माहिती ते रेल्वेकडून मागू शकतं. डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २६ मे २०१६ ला प्रोबेसचा स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदानचा. दोन्ही वेळा आजूबाजूच्या लोकांना आत काय साठवलंय हे स्फोटानंतर कळलं. कारखाना निदान एका जागी असतो, त्याची पाटी तरी वाचता येते. चालत्या टाकीची पाटी कोण वाचणार?

“हा आपला विषय आहे का?” असं मला मागे एका बैठकीत विचारलं गेलं. स्मारक, आरक्षण, पदोन्नती, अत्याचार यांत माणसं पुरत नाहीत, त्यात हे कुठे, असा त्याचा सूर होता. मला वाटतं आपण पदोन्नतीतल्या आरक्षणावर मोर्चा काढतो तेव्हा ज्याला कधी पदोन्नतीच नव्हती त्या गँगमनला विसरतो. आपल्या कर्मचारी संघटनाही बहुधा कार्यालयात बसणाऱ्यांच्या आहेत. रुळावरच्या माणसाला जयंतीच्या वर्गणीसाठी भेटतात, अपघाताच्या चौकशीला त्याच्या बाजूने कोणी बसत नाही.

मागण्या फार नाहीत. कलम ११४ मधून ‘प्रवासी वाहून नेणाऱ्या’ हे शब्द काढा. मालगाडीची गंभीर घसरण आणि कामावरच्या रेल्वे कामगाराचा मृत्यू, मग तो कायम असो वा कंत्राटी, या दोन्हींची चौकशी आयुक्ताने करणं बंधनकारक करा, अहवाल मराठीत जाहीर करा. काकोडकरांनी सांगितलेलं प्राधिकरण संसदेच्या कायद्याने उभं करा आणि तपासणी यंत्रांचं अंतर, गाडी थांबवायचा आकडा त्याच्या हातात द्या. हे खासदारांचं काम आहे. ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर अशा चार मतदारसंघांतून या रुळांचा मार्ग जातो, चौघांनाही निवेदन गेलं पाहिजे.

तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करायचा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न मोजके आणि नेमके ठेवा, ‘का’ असं विचारू नका, कागद मागा. ठाणे-कल्याण, दिवा-वसई आणि दिवा-पनवेल मार्गांवर बेअरिंगचं तापमान मोजणारी यंत्रं कोणत्या किलोमीटरवर आहेत. गेल्या तीन वर्षांत त्यांनी किती वेळा धोक्याची सूचना दिली आणि त्यातल्या किती वेळा गाडी थांबवली. ध्वनिलहरी तपासणी किती ठरली होती, किती झाली. ट्रॅक मेंटेनरच्या मंजूर जागा किती, रिकाम्या किती, कंत्राटी माणसं किती. ‘रक्षक’ यंत्रं किती गँगना मिळाली. तीन वर्षांत कामावर किती कामगार मेले, त्यांत कंत्राटी किती, आणि त्यांच्या विभागीय चौकशी अहवालांच्या प्रती. वसईकडचा भाग पश्चिम रेल्वेत येतो, तिथे वेगळा अर्ज लागेल. कल्याण पूर्व, दिवा आणि उल्हासनगरच्या शाखांनी एकेक अर्ज वाटून घ्यावा, म्हणजे एकच माणूस नजरेत येत नाही. उत्तर आलं नाही तर एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील टाकायचं, त्याला फी लागत नाही.